आमच्या गच्चीवरचं जहाज

आमच्या घराण्यात जहाजावरून समुद्रात पडलेली पहिली व्यक्ती मी. त्या वेळी समुद्र तंजावरात होता, आमच्याच गच्चीवर, आणि जहाज अजून ठरायचं होतं.

सांगते.

आमचे हे कालवे खात्यातून निवृत्त झाले आणि मुलाने, मोहनने, बेंगळुरूहून जाहीर केलं, "अम्मा, आपण सगळे क्रूझवर जाऊया!" सगळे म्हणजे आम्ही दोघं, मोहन, सून रंजनी, पाच वर्षांची मीनू आणि तीन वर्षांचा चिन्नू. खोली निवडायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. (ही त्याची चूक. पुढच्या सगळ्या माझ्या.)

एजंटाने फोनवर चित्रं पाठवली. पहिली खोली बिनखिडकीची. आमच्या तांदळाच्या कोठीला पलंग लावला तर दिसेल तशी. आणि दुसरा तो बाल्कनीचा सुईट! मोठा पलंग, सोफा, सरकतं दार, बाहेर दोन खुर्च्या आणि खुर्च्यांसमोर समुद्र. नुसता समुद्र! माझा जन्म गेला कालव्यांच्या मुलखात. पाणी पाहिलं ते भाताच्या खाचरातलं, घोट्याएवढं. आता मी पहाटे उठणार, दार सरकवणार, खुर्चीत बसून कॉफी घेणार आणि बंगालचा उपसागर माझ्यासमोर हात जोडून उभा राहणार! संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गल्लीला कळली होती. इस्त्रीवाल्याला तर मी खुर्चीचा रंगही सांगितला.

मग सुट्टीला रंजनी आली, मुलांना घेऊन. रंजनी तिरुवैयारूची. कावेरीच्या घाटावर वाढली, त्यामुळे पाण्याबद्दल ती रागीट जावयाबद्दल बोलावं तशी जपून बोलते. तिने चित्रं पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "अम्मा, बाल्कनी नको."

"कशास नको?"

"चिन्नू फ्रिजवर चढतो."

"अगं, तिथे फ्रिज कुठे आहे? तिथे समुद्र आहे!"

"तेच म्हणते मी."

मी समजावलं, रुसले, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. (ते मला केव्हाही येतं.) ती ऐकत राहिली आणि शेवटी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "तुमची हौस मोडायची नाही मला. तुम्ही बाल्कनी घ्या. मी आणि मुलं नाही येत."

मी थक्क! भांडणारी सून परवडते हो, ही गोड बोलणारी कुणाला सोसणार? नातवंडांशिवाय मी त्या उपसागराचं काय करू? आणि बाल्कनीशिवाय इस्त्रीवाल्याला काय तोंड दाखवू? त्यातच एजंटाचा फोन. "मॅडम, तो सुईट एकच उरलाय. दुपारपर्यंत सांगा."

तेव्हा आमचे हे उठले. जन्मभर कालवे मोजलेला माणूस, निवृत्तीनंतर मोजायला काही नाही म्हणून कासावीस झालेला. म्हणाले, "वाद कशास? आखून बघू."

टेप आणि कोलमची, म्हणजे दारापुढच्या रांगोळीची, पिठी घेऊन हे गच्चीवर गेले आणि उन्हं तापायच्या आत तिथे अख्खा सुईट उतरला! एजंटाला विचारून विचारून, बरोब्बर त्याच मापाचा. पांढऱ्या पिठीच्या भिंती, पलंग, सोफा, न्हाणीघर. दारापुरती जागा मोकळी. बाल्कनीचा कठडा म्हणून माळ्यावरच्या लोखंडी पलंगाची उशाकडची बाजू विटांवर उभी केली, दोन बाजूंना पाण्याची रिकामी पिंपं ठेवून त्यांना बांधली. कठड्यापलीकडे मीनूने निळ्या रांगोळीने समुद्र काढला. समुद्र अरुंद झाला, कारण त्याच्या पलीकडे अक्कांची हद्द सुरू होत होती.

अक्का म्हणजे यांची मोठी बहीण. आमच्याचकडे असतात. उन्हाळ्यात गच्चीवर राज्य त्यांचं. त्यांनी तेव्हाच जुन्या धोतरावर वडाम घातले होते, म्हणजे आपल्या तांदळाच्या उकडीच्या कुरडया. ओले, पांढरेशुभ्र, ओळीने. "तुमचं जहाज माझ्या वडामांपासून लांब ठेवा," त्यांनी बजावलं आणि मग पाहणी सुरू केली. "देव कुठे ठेवायचे? चूल कुठे?"

"जहाजावर आपण स्वयंपाक करायचा नसतो, अक्का."

"मग माणसं दिवसभर करतात काय? आणि हे हलतं म्हणे?"

"आपल्या तंजावरच्या बाहुलीसारखं," मी म्हणाले. "डुलतं, पण पडत नाही."

"बाहुलीला ओकारी येत नाही," अक्का म्हणाल्या.

आम्ही चपला काढून आत शिरलो. हे मात्र आपलीच रेघ ओलांडून सरळ पलंगाशी गेले. मीनू किंचाळली, "ताता भिंतीतून आले!" तिने आजोबांना बाहेर काढलं आणि दारातून पुन्हा यायला लावलं. रंजनीने मोहनला व्हिडिओ कॉल लावला, मोहनने एजंटाला जोडून घेतलं आणि तिने फोन एका पिंपावर उभा केला. मुलांना सोडलं. परीक्षा सुरू!

आणि काय सांगू! चिन्नू कठड्याकडे गेला, एकदा पाहिलं, कंटाळला आणि आखलेल्या न्हाणीघरात जाऊन बसला. उठेचना! मीनू आखलेल्या पलंगावर बाहुल्या निजवत होती. अशी शहाणी मुलं मी स्वतःच्या घरात कधी पाहिली नव्हती.

"बघ!" मी म्हणाले. "चढलं का कुणी?"

"आज नाही चढले. मनात आलं की चढतील," रंजनी म्हणाली. "सोपं आहे ते."

"सोपं? अगं, मी एवढी थोरली बाई, मला जमणार नाही, तिथे लेकरांची काय कथा!"

इथे मी थांबायला हवं होतं. पण फोनमधून मोहन म्हणाला, "अम्मा, नको." आणि मला 'नको' म्हटलेलं सोसत नाही.

बेत साधा होता. पाय उचलायचा, धडपडायचं, "अय्यय्यो, जमत नाही गं," असं कण्हायचं आणि उतरायचं. अभिनय मला नवा नाही. पण त्या पलंगाला मधोमध एक लोखंडी फूल होतं, अगदी पावलाच्या मापाचं. पाऊल ठेवलं तर बसलं! दुसरं उचललं तर तेही वर गेलं! एक ढुंगणाचा हेलकावा, आणि मी वर! एक पाय सुईटमध्ये, दुसरा बंगालच्या उपसागरावर!

सगळे अवाक्. सर्वांत जास्त मी. "अय्यय्यो, मी चढले!"

"अम्मा, उतरा!" रंजनी ओरडली.

उतरते कशी? लुगड्याचा काठ त्या फुलात अडकला होता. मी यांना हाक मारली, "अहो, धरा!" हे रेघेबाहेरून धावले. चार पावलांवर मी लोंबकळत होते हो! पण हे भिंतीशी येऊन थबकले, मीनूकडे पाहिलं आणि पूर्ण वळसा घालून दाराकडे गेले. शिस्तीचा माणूस!

हे दारात पोचले तेव्हा पिंप घरंगळलं. कठडा वाकला. काठ टर्रकन फाटला. मी समुद्राला स्पर्शही न करता त्याच्यावरून गेले आणि धप्पकन... छे, धप्पकन नाही, पचकन... वडामांत!

मग मीनू आनंदाने ओरडली, "पाट्टी कडल्ल विळुंदुट्टा!" (आज्जी समुद्रात पडली. तिला मराठी सगळं कळतं, पण संकटात ती तमिळच बोलते.) न्हाणीघरातून चिन्नूने टाळ्या वाजवल्या. "पाट्टी, मरुबडियुम!" म्हणजे, पुन्हा!

अक्का धावत आल्या, वाकल्या, कळवळून म्हणाल्या, "फार लागलं का ग?" मी हात पुढे केला. तोवर त्यांनी माझ्या कोपराखालून एक वडाम अलगद सोडवून हातात घेतला होता.

"मॅडम ठीक आहेत ना?" घरंगळलेल्या फोनमधून एजंटाचा आवाज आला. "घाबरू नका. आमच्या जहाजावर असा कठडा नसतो. छातीएवढी सपाट काच असते, पाय ठेवायला जागाच नाही. आणि दाराची कडी वरती असते, मुलांचा हात पोचत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?" रंजनी म्हणाली.

"विचारलं कुठे कुणी? मापांखेरीज पडद्यांचा रंग तेवढा विचारला होता."

(मीच विचारला होता.)

रंजनीने फोन उचलला. पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं, काचेची उंची, कडीची जागा. मग न्हाणीघरात गुमान बसलेल्या चिन्नूकडे पाहिलं, पलंगावरच्या मीनूकडे पाहिलं आणि सरतेशेवटी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी डोळे मिटले. कॉफी गेली, खुर्च्या गेल्या, उपसागर गेला.

"बाल्कनीचाच बुक करा," ती म्हणाली. "कडी मी सांभाळीन."

मी उडी मारून उठणार होते, पण धोतर पाठीला चिकटलं होतं.

"छान, मॅडम," एजंट म्हणाला. "बाल्कनीत एकटं सोडायचं नाही अशांची नावं आणि वयं सांगा."

"मीनू, पाच. चिन्नू, तीन." रंजनी थांबली. "आणि अम्मा, छप्पन्न."

पलीकडे कळफलक खडखडला. मग तो अदबीने म्हणाला, "छप्पन्नला लहान मुलांची सवलत नाही मिळत, मॅडम."

"चोपन्न!" मी वडामांतून ओरडले.

"चोपन्नलाही नाही," तो म्हणाला.