नानांनी भरलेला कोपरा

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी अंगठा फिरवायचे. टेबल असो, दाराची चौकट असो, नाहीतर कपाचा कान. लोक नमस्कार करतात, आमचे शेजारी नाना चाचपून बघायचे. मला बघायला पाहुणे आले, तेव्हाही ते डोळे मिटून सोफ्याचा दांडा चाचपत बसले होते. मुलाच्या वडिलांना वाटलं, म्हातारा फर्निचरची किंमत काढतोय. तरी लग्न जमलं, हे माझं नशीब.

नानांचा जन्म गेला भोसरीच्या एका फाउंड्रीत, पॅटर्नशॉपमध्ये. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात घडवायचा, हे त्यांचं काम. "लाकडाला खळगा राह्यला, की जेवढे नग वतशील तेवढ्यांना खळगा," असं ते मला लहानपणापासून सांगत आले. त्यामुळे खळगा दिसला की नानांना चैन पडत नसे. आमच्या चौकटीतलं खिळ्याचं भोक त्यांनी न विचारता लांबीचा लगदा भरून बुजवलं. आईनं देव्हारा नवा आणला, तर त्याच्या आतल्या कोपऱ्यांत मेण भरून ते गोल करून गेले. "कोपरा उघडा ठिवू न्हाई वहिनी, तडा तिथनंच जातो." आई दोन दिवस धुसफुसली, पण मेण काही तिनं काढलं नाही.

नानांची बायको, आमच्या काकू, मात्र फटकळ. दोघंही चाकणकडच्या खेड्यातली, लग्न झाल्यावर संत तुकाराम नगरात आलेली. "माज्या तोंडावरच्या सुरकुत्या तेवढ्या ऱ्हायल्यात, त्याबी भरा," असं त्या नानांना चारचौघांत म्हणायच्या. नाना हसायचे. भांडण एकतर्फी असलं की ते फार वर्षं चालतं, तसं त्यांचं चाललं होतं.

त्यांना एक मुलगी होती, मनी. दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत तापानं गेली. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. फोटो काढायचा राहून गेला होता. तिचं म्हणून घरात एकच उरलं होतं: लाकडी पेटीचा मोठा रेडिओ, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यावर तिचे दात. दात येत होते तेव्हा ती रेडिओला धरून उभी राहायची आणि कोपरा चावत बसायची. रेडिओ केव्हाच मुका झाला होता, पण काकू रोज त्याच्यावरची धूळ पुसायच्या आणि पुसता पुसता हात त्या कोपऱ्यावर थांबायचा. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

रेडिओची पेटी पुढं खराब व्हायला लागली. वरचा पापुद्रा सुटला, पॉलिश काळं पडलं. नाना तोवर रिटायर झालेले. काकू बहिणीच्या आजारपणात दिघीला राहायला निघाल्या, तेव्हा नाना म्हणाले, "तू येस्तोवर नवा करून ठिवतो." काकूंनी जिना उतरता उतरता बजावलं, "सगळं करा. त्या कोपऱ्याला हात लावायचा न्हाई." नानांनी त्याच दिवशी कोपऱ्यावर कागदी टेप चिकटवली. मी बघितली ती टेप.

पुढचे काही दिवस नाना गॅलरीत बसून होते. सुटलेला पापुद्रा सरस लावून दाबला, जुनं पॉलिश स्पिरिटनं काढलं, नव्या पॉलिशसाठी चपडा भिजत घातला. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गुरुवारी इकडच्या कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून मी सासरहून, निगडीहून, आईकडे आले होते. दुपारी त्यांना चहा द्यायला गेले, तर पेटी आरशासारखी चमकत होती. सगळीकडे रंग एकसारखा बसावा म्हणून टेप काढलेली. आणि उजवा कोपरा गुळगुळीत.

"नाना, तो कोपरा..." एवढंच बोलले मी.

त्यांनी अंगठा नेला. फिरवला. पुन्हा फिरवला. मग अंगठा तिथून काढलाच नाही. "खळगा लागला हाताला," ते म्हणाले. "हातानं भरला गं पोरी. मला कळलंबी न्हाई." पटाशीच्या टोकानं त्यांनी लांबी खरवडून काढली, पण आत काही नव्हतं. भरायच्या आधी कडा कानशीनं साफ करायची त्यांची सवय. दात त्या भुशात गेले होते आणि भुसा सकाळीच झाडून टाकला होता.

काकू आल्या त्या दिवशी नाना खाली फाटकापाशीच उभे होते. तिथंच त्यांनी सांगून टाकलं. मला वाटलं, आता काकू बिल्डिंग डोक्यावर घेणार. त्या वर आल्या, कोपऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय." बस्स. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर नानांनी हत्यारं एका ओळखीच्या सुताराला देऊन टाकली. संध्याकाळी काकू भाजी निवडायला बसल्या की ते समोर बसायचे आणि मनीबद्दल विचारायचे. आवाज कसा होता, चालायची कशी, भात खायची का. बापाला हे विचारावं लागत होतं. ती होती त्या काळात नाना पहाटे कामाला जायचे आणि ओव्हरटाइम करून रात्री यायचे, त्यांनी लेकीला जागी अशी फारशी बघितलीच नव्हती. काकूही सांगायच्या, न चिडता, आठवून आठवून. मी ऐकत बसायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "आन् मी घरी आल्यावर काय करायची?"

काकू देठ खुडत होत्या. "तवर निजलेली असायची," म्हणाल्या.

नानांनी पुढं कधी काही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दिवस उरकले, पाहुणे पांगले, तेव्हा मी काकूंजवळ बसायला गेले. रडणं संपलं होतं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "निजलेली असायची म्हणाले बघ मी. खरं त्येच हुतं. पन जागी ऱ्हायची, तुमची वाट बघायची, असं म्हणाले असते तर काय गेलं असतं गं माझं?"