रक्त आत्याचं, निकाल दाराआड

तुमच्या रक्तात काय निघालं, हे सगळ्यांत आधी कोणाला कळायला हवं? तुम्हाला, की तुमच्या भावाला?

सुमनआत्या गेल्याचा निरोप रोह्यात तिच्या लेकीच्या, मंगलच्या शेजाऱ्यांच्या फोनवर आला. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून मी मंगलकडे पोचलो, तर मंगल एकच वाक्य घोकत होती, "पण आईला तर अशक्तपणा होता ना?"... तेराव्याला पेणला माझे काका, आत्याचे धाकटे भाऊ, ओटीवर पाहुण्यांना सांगत होते, "डॉक्टरांनी रक्तावरूनच ओळखलेलं. क्रॉनिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, वर्षानुवर्षं दबून राहतो. पण रक्तात कच्च्या पेशी वाढल्या, प्लेटलेट ढासळल्या, पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली, की फार दिवस नाय." आवाजात चक्क अभिमान! मला शिसारी आली.

आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी आत्याची. रंग कोणीही देवो, नजर तीच द्यायची, श्वास रोखून, एका दमात. "हात मंगलला देऊन जाईन," हा तिचा ध्यास. आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टर तिलाच म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा." हातातून रक्त तिचं काढलं, निकाल मात्र धाकट्या भावाच्या, म्हणजे काकांच्या कानात. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय निघालं रे?"

"काय नाय गो ताई, अशक्तपणा हाय. खजूर खा."

"मग दोन त्या गणपतीच्या उंदरालापण दे, तोही वाळलाय!"

आळीतल्या न्हाव्यालासुद्धा खरं ठाऊक होतं. थंडीत मंगल शिकायला आली, तेव्हा आत्या म्हणाली, "आत्ता हात कापतो गो. बरी झाले की पुढल्या हंगामाला निवांत शिकवते." काका समोर बसून चहा पीत होते. त्यांनीच मंगलला परतीच्या एसटीत बसवून दिलं. मी जाब विचारला तर म्हणतात, "दोघींना कशाला रडवायचं?" याला माया म्हणायचं? तिचे उरलेले दिवस तिच्याच हातून काढून घेतले आणि वर डोळे पुसतात!

कारखान्यात आजही फळीवर मूर्ती उभ्या आहेत. पितांबर पिवळं, सोंड रेखीव, डोळे कोरे. मंगल आईचा बारीक ब्रश उचलते, मूर्तीजवळ नेते... आणि खाली ठेवते.

उद्या तुमच्या माणसाचं रक्त तपासलं आणि डॉक्टर त्यालाच बाहेर बसा म्हणाले, तर त्याला उठू देऊ नका. आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला लावा आणि म्हणा, "याच्यासमोर बोला."