एका सुताचं भांडण

पिराजीला माणसं कमीच आवडायची, आणि तात्या मास्तर तर अजिबात नाहीत. कोडोलीहून आला तेव्हा आण्णांच्या छापखान्यात तो कागदाचे गठ्ठे उचलायचा. पुढे कटिंग मशीन हाती आलं, त्याला पंधरा वर्षं झाली. कागद सरळ कापायचा आणि माणसाला वाकडं बोलायचं, ही त्याची रीत.

तात्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. कोल्हापुरातल्या निम्म्या पुस्तिकांची मुखपृष्ठं त्यांची. चित्र चांगलं असायचं, हे पिराजीही मानायचा, पण मनातल्या मनात. कारण मागच्या साली एका मुखपृष्ठावरच्या देवळाचा कळस पात्याखाली गेला आणि तात्यांनी चारचौघांत त्याला कसाई म्हटलं. चित्रच मापात ठासून भरलेलं, त्याला पात्यानं काय करावं? पण ऐकतो कोण! आण्णांनी त्या दिवशी बजावलं होतं, "पिराजी, आणखी एक तक्रार आली की मशीन दुसऱ्याच्या ताब्यात." घरी शालूबाई आणि तीन पोरं. पिराजीनं तो अपमान गिळला. पचला मात्र नाही.

चौऱ्याहत्तर साली दत्तजयंतीसाठी नृसिंहवाडीच्या माहितीची पुस्तिका छापायला आली. हजार प्रती. मुखपृष्ठ अर्थातच तात्यांचं. वर घाट, खाली पानाच्या कडेपर्यंत निळी नदी, आणि अगदी तळाला, कडेला चिकटून, बारीक अक्षरांत सही. चित्राचा छपाईचा ब्लॉक करायला जाण्याआधी पिराजीनं त्यावर पट्टी ठेवली. पुस्तिकेचं माप आणि चित्राचं माप तंतोतंत एक! त्याचं डोकंच फिरलं.

"मास्तर, ह्ये चित्र येक सूत भाईर वाढवा," तो म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशासाठी पुढचं सगळं रामायण. "छापताना कागूद केसभर तरी सरकतोयच. जादा रंग आसला की त्यो कापण्यात जातोय आन् कड भरल्याली दिसतिया. सही बी जरा वर घ्या."

"जे कापून फेकायचं ते काढायचं कशाला?" तात्या कडाडले. "तुझा हात वाकडा, म्हणून मी चित्र वाढवू?"

"शिंपी शिलाईत जायाला कापड जादा धरतोयच की."

"मी शिंपी नाही. तू मात्र कसाई आहेस. सही आहे तिथेच राहील. आण्णा, याला आवरा."

आण्णांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. दत्तजयंतीला दहा दिवस उरले होते. "मास्तर म्हणतात तसं कर," ते म्हणाले आणि विषय संपवला.

पुस्तिका छापली, पिना मारल्या, आणि कापायला आली. तात्या पिराजीच्या खांद्याशी येऊन उभे राहिले. त्यांनी दाखवलेल्या खुणेवर पिराजीनं दहा प्रती कापल्या. नदीच्या खाली पांढरी रेघ उमटली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. कागद सरकला होता, दुसरं काय!

"बघा आण्णा, याचा हात!" तात्या ओरडले.

"ही कड घालव," आण्णा पिराजीवर खेकसले. "कसंही कर. हे असलं घेऊन वाडीला जाऊ?"

"येक सूत आत जावं लागंल."

"मग जा!" तात्याच आधी बोलले.

पिराजीनं त्यांच्याकडं रोखून बघितलं. "काय काय जातंय, बगितलंय न्हवं मास्तर?"

"तोंड नको चालवूस. काप!"

पिराजीला चांगलं ठाऊक होतं की कापलं तरी मरण आणि नाही कापलं तरी मरण. त्यानं दात खाल्ले आणि पातं खाली आणलं. तात्या समाधानानं घरी गेले. पिराजी मात्र दिवसभर कापत राहिला, आणि खाली पडलेल्या कतरणीतून निळ्या पट्ट्या तेवढ्या वेचून बाजूला ठेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पुस्तिका हातात घेतली. नदी कडेपर्यंत भरून वाहत होती, पांढरा ठिपकासुद्धा नव्हता. तात्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "माझी सही? आण्णा, या माणसानं माझं नाव कापलं!"

पिराजीनं मशीनखालून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला आणि टेबलावर आपटला. प्रत्येक निळ्या पट्टीवर तीच बारीक सही होती.

"ह्ये घ्या तुमचं नाव. हजार हाईत, येक बी हरवू दिलं न्हाय. मी सूत मागितलं तवा दिलं आसतं, तर नुसतं पानी कापलं आसतं. तुमी दिलं न्हाईसा, मग नाव गेलं."

तात्यांनी आण्णांकडं बघितलं. "मशीन सोड," आण्णा म्हणाले. पिराजी त्याच दिवशी छापखान्याबाहेर पडला. नुसतं मशीनवरचंच पंधरा वर्षांचं काम, पण जाताना कुणी चहा घे म्हटलं नाही.

चार महिने हातगाडी ओढून तो शाहूपुरीतल्या दुसऱ्या एका छापखान्यात लागला. वर्षभरानं तिथं एक मुखपृष्ठ छापून त्याच्यापुढं आलं. चारी बाजूंनी रंग एक सूत बाहेर, कुठं कापायचं त्याच्या खुणा कोपऱ्यांत, आणि सही कडेपासून चांगली दोन बोटं आत. सही तात्यांचीच होती.

"या मास्तरांना कामातलं कळतं बघ," नवे मालक कौतुकानं म्हणाले. "काही सांगावं लागत नाही."

पिराजीनं गठ्ठा पात्याखाली सरकवला.

"व्हय की," तो म्हणाला. "माझ्या नोकरीवर शिकल्यात."