घोडेस्वाराची पाच चित्रं

वडिलांना जुन्या वस्तूंचा शौक होता. आम्ही त्याला अडगळ म्हणायचो. कळंबच्या आमच्या सिमेंटच्या घरात, बैठकीच्या भिंतीवर, त्यांनी हैदराबादहून आणलेलं एक लांबलचक इराणी चित्र टांगलं. कापडावर रंगवलेलं, तिकडच्या कुण्या घरातल्या भिंतीसाठीच केलेलं. एका ओळीत पाच प्रसंग, खाली आम्हाला न वाचता येणारी अक्षरं. आधी रक्तात पडलेला तरुण, मग लढाई, मग घोडदौड, मग मेजवानी आणि शेवटी दारात उभी बाई, त्याच तरुणाच्या डोक्यावर हात ठेवून. मेलेला उठतो, लढतो, जेवतो आणि आईकडं परत येतो, अशी गोष्ट आई आम्हा भावंडांना सांगायची. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वडील गेले, आणि गेल्या उन्हाळ्यात येरमाळ्याच्या रस्त्यावर माझा थोरला भाऊ मोटरसायकलवरून पडून गेला. तेराव्यानंतर आई रोज दुपारी त्या चित्रासमोर बसू लागली. डावीकडून एकेका प्रसंगावर बोट ठेवायची. "आज लढाईत हाय त्यो," म्हणायची. काही दिवसांनी, "घोड्यावर बसला." मी चिडायचे, घाबरायचेही. बोट मेजवानीवर आलं त्या दिवशी तिनं त्याचं ताट वाढलं आणि बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी मला टापा ऐकू आल्या. मी उठून बघितलं नाही. दादा यावा असं मला फार वाटत होतं, आणि खरंच आला तर, या विचारानं मी दाराकडं पाठ करून बसले.

त्याच आठवड्यात वडिलांचे स्नेही, उर्दूचे निवृत्त मास्तर, भेटायला आले. आई स्वयंपाकघरात होती. "चाचा, या चित्राखाली काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगता का?" मी विचारलं. त्यांनी चष्मा लावला आणि ते चित्राच्या उजव्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

"बेटी, फारसी हाय ही. हिकडून वाचायची. पोरगा घरातून निघालाय, आई दुवा देऊन धाडतीय. मग दावत, मग सफर, मग जंग..."

मी त्यांना हातानं थांबवलं. अपघाताच्या दिवशी दादाच्या अंगात कणकण होती, त्याला बाहेर पडायचंच नव्हतं. येरमाळ्याच्या येडेश्वरीला आजच नारळ फोडून ये, म्हणून आईनंच त्याला पिटाळलं होतं.

आई ओले हात पदराला पुसत मागंच उभी होती. ती पुढं आली, दारातल्या त्या बाईवर तिनं बोट टेकवलं आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजी हिनंच धाडलं की त्याला."