कोनाड्यातली फाइल

आमच्या घरात एक निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. माझा आणि नवऱ्याचा पासपोर्ट, व्हिसाचे कागद, नोकरीची पत्रं, लग्नाचा दाखला, ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या पावत्या, सगळं ओरिजिनल तिच्यात. गेली तेरा वर्षं मी ती तळहाताच्या फोडासारखी जपली आहे. अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटला आग लागली तर आधी फाइल, मग मुलगी, मग नवरा असा क्रम ठरलाय, असं नवरा आल्यागेल्याला सांगतो. मी खोडून काढत नाही.

त्याच अपार्टमेंटच्या कपाटात टीव्हीचं, मिक्सरचं आणि प्रिंटरचं रिकामं खोकं आहे. उद्या हलायची वेळ आली तर शोधाशोध नको. फोटोंच्या फ्रेम भिंतीला टेकून जमिनीवर उभ्या आहेत, कारण कुठं आता खिळे मारत बसायचं. आणि बारा वर्षांच्या मुलीला तिची खोली पिवळी हवी आहे, ती आठ वर्षांची असल्यापासून. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू," हे माझं ठरलेलं उत्तर. ती रांग एवढी लांब आहे की तिच्यात उभं राहिल्याचंही आता विसरायला होतं.

मागच्या हिवाळ्यात भारतात जाऊन पासपोर्टवर नवा व्हिसा मिळवला आणि पहिल्यांदाच कुठंतरी फिरून परत येता येईल अशी हिंमत आली. म्हणून इटली. मी एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखले. नवरा नागपूरचा, त्याला कशाचीच घाई नसते. तो म्हणाला, "काहून एवढं टाइट करून राहिली? आपण फिरायला जातोय की ऑडिटला?" शेवटचा एक दिवस मी मोठ्या मनानं मुलीच्या हवाली केला.

तिनं नकाशात डोकं खुपसून खुपसून एक पडका वाडेवजा महाल शोधून काढला. डोंगरावरचं एक मध्ययुगीन गाव, त्याच्या पलीकडं अर्धा तास चालत गेलं की रेनेसान्सच्या काळातले हे अवशेष. नकाशावर त्याचा एकच फोटो होता, तोही तिरका. नवरा खूश झाला. तिकिटाची रांग नाही, गाइड नाही, छत्री उंच धरून पळणाऱ्या बायका नाहीत.

गावात पोचलो तर कळलं, महालाच्या फाटकाला कुलूप आहे आणि किल्ली चौकातल्या बारमध्ये असते. बार म्हणजे कॉफी, पाव, बिस्किटं आणि गावगप्पा. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ॲप्रनवर पिठाचे हात पुसणाऱ्या. मी मनातल्या मनात त्यांना मावशी करून टाकलं. मावशींनी भिंतीवरच्या खिळ्यावरून वीतभर लांब किल्ली काढली आणि हात पुढं केला. मुलीनं फोनमधून भाषांतर केलं. "आई, त्यांना एक डॉक्युमेंट हवंय. किल्ली परत दिली की रिटर्न करणार."

सगळे पाहुणे म्हणे पासपोर्ट ठेवून जातात. मी आणि पासपोर्ट ठेवणार! हॉटेलच्या लॉकरवर माझा विश्वास नाही म्हणून आख्खी फाइल कापडी पिशवीत घालून मी आठ दिवस सगळ्या इटलीभर खांद्याला लावून हिंडत होते. मी मान हलवली. मावशींनीही हलवली. शेवटी मुलीनं तिचं शाळेचं कार्ड काउंटरवर ठेवलं. मावशींनी त्यावरचा दात पडलेला फोटो पाहिला, हसल्या आणि किल्ली दिली.

महाल खरोखर देखणा होता. छप्पर नावाला नाही. खिडक्यांच्या दगडी चौकटी एवढ्या सुबक की त्यातून दिसणारं आभाळही कुणी बेतून बसवलं असावं. एक रुंद जिना मोठ्या दिमाखात वर चढून एकदम संपत होता. दिवाणखान्यात गवत, गवतात शेळ्या. त्या कुठून आल्या हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, खरं तर फाटक आम्हीच नुकतं उघडलं होतं.

भिंतीवर एक गंजका फलक होता. मुलीनं फोनमधून भाषांतर करून वाचून दाखवलं. पाचशे वर्षांपूर्वी इथल्या सरदारानं हा महाल बांधायला काढला. तो पुरा होईपर्यंत म्हणून तो गावातल्या गिरणीवर दोन खोल्या घेऊन राहिला. सामान बांधलेलंच ठेवलं. महाल पुरा झाला नाही आणि सरदार त्या दोन खोल्यांतच म्हातारा होऊन वारला. गावकरी या अवशेषांना अजूनही 'नवं घर' म्हणतात.

"वेडाच म्हणायचा," मी म्हटलं. "निदान पेट्या तरी उघडायच्या!"

नवऱ्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि दशमीचा तुकडा तोडला. दशम्या मी सकाळी हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या स्वयंपाकघरात केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी एडिसनहून आणली होती. एका शेळीनं मुलीची कागदी ताटली चटणीसकट मटकावली आणि पुढची मागायला आली. तेल लागू नये, शेळ्यांच्या तोंडी पडू नये, म्हणून मी फाइल पिशवीतून काढून भिंतीतल्या जुन्या शेकोटीशेजारच्या एका उंच कोनाड्यात ठेवली. देवाचा दिवा ठेवावा तशी, अगदी जपून.

मग नवऱ्याला जिन्यावर फोटो हवा झाला. मग मुलीला वरच्या पायरीवरून. मग मला तो फोटो परत, कारण मी डोळे मिटले होते. रिकामे डबे पिशवीत भरले, फाटकाला कुलूप घातलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि गप्पा मारत गावात आलो. किल्ली दिली, कार्ड घेतलं, चौकात बाकावर बसलो. मावशींनी दुपारच्या जेवणासाठी शटर ओढलं. मी पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला, आणि डब्यांच्या शेजारी काहीच नव्हतं.

मी सगळे डबे बाकावर काढून पिशवी उलटी केली. नवऱ्यानं माझा चेहरा पाहिला, ओळखलं आणि ताडकन उठला. त्याला घाईत पाहायची ही माझी पहिलीच वेळ. उद्या दुपारी विमान होतं. फाइल गेली तर आधी भारताच्या वकिलातीत नवा पासपोर्ट, मग अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसासाठी तारीख, ती मिळेल तेव्हा. तोवर नोकऱ्या थांबतात थोड्याच.

"शेळ्या," मुलगी म्हणाली. "आई, त्या कागद खातात."

"माहितीये मला!" मी खेकसले. सगळा राग बिचारीवर निघाला.

तिचा अमेरिकन पासपोर्ट तिच्या स्वतःच्या गळ्यातल्या पाकिटात होता. पाकिटावर हात ठेवून तिनं विचारलं, "वेट. म्हणजे फाइल नाही मिळाली तर मी घरी जाऊ शकते, अँड यू गाइज कान्ट?"

तिच्या जन्मापासून मला हे ठाऊक होतं. तिला ते त्या बाकावर बसून कळलं. मी खोटं बोलले नाही. "हो," म्हटलं.

"देन आय ॲम नॉट गोइंग," ती म्हणाली आणि उठून बारचं शटर दोन्ही हातांनी बडवू लागली.

वरच्या मजल्याची खिडकी उघडली. गळ्याशी रुमाल खोचलेल्या मावशी डोकावल्या. मुलीनं फोन उंच धरून त्यातून इटालियन ऐकवलं. काय ऐकवलं देव जाणे, पण मावशी घरातल्या सपाता घालूनच खाली आल्या आणि आम्हाला आपल्या काडेपेटीएवढ्या गाडीत कोंबलं. मातीच्या रस्त्यावर त्यांनी ती अशी हाणली की एरवी मी देवाचं नाव घेतलं असतं. त्या दिवशी ते आधीच चालू होतं.

फाटकाशी मावशी थांबल्याच नाहीत. झुडपाला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. तिथं भिंतीला बैलगाडी जाईल एवढं खिंडार होतं. त्यातून त्या सपाता फटफटत आत शिरल्या. गावातले सगळे इथूनच येतात म्हणे, शेळ्यासुद्धा.

"मग कुलूप कशाला?" मी मुलीला विचारायला लावलं.

मावशींचं उत्तर फोननं मराठीत सांगितलं. "पाहुण्यांसाठी. कुलूप असलं की त्यांना बरं वाटतं."

फाइल कोनाड्यातच होती. एक शेळी भिंतीवर पुढचे पाय रोवून तिचा कोपरा चघळत होती. मी एरवी शेळीला हात लावणारी बाई नव्हे. तिला बाजूला ढकललं, फाइल उघडली. कागद सगळे शाबूत, प्लॅस्टिकवर फक्त दातांची नक्षी. मी तिथंच गवतात बसून रडले. मुलगी शेजारी येऊन बसली. मावशींनी ॲप्रनच्या खिशातून बिस्किटं काढून आम्हा तिघांना एकेक दिलं, आणि उरलेलं शेळीला.

तो जिना समोरच होता. दिमाखात चढून संपणारा. त्या गिरणीवरच्या माणसाला मी सकाळी वेडा म्हटलं होतं. आमची टीव्हीची, मिक्सरची, प्रिंटरची खोकी डोळ्यांपुढं आली आणि मला त्याची मनापासून लाज वाटली. त्याची नव्हे, माझी.

नेवार्कला उतरल्यावर मुलीला अमेरिकन नागरिकांच्या छोट्या रांगेतून जाता आलं असतं. तिनं ऐकलं नाही. आमच्यासोबत लांब रांगेत उभी राहिली आणि आपला पासपोर्ट गळ्यातून काढून माझ्या फाइलमध्ये सरकवला. ऑफिसरनं फाइलवरचे दात पाहून भुवया उंचावल्या. "गोट," नवरा म्हणाला. ऑफिसरनं पुढं काही विचारलं नाही.

पहिल्या रविवारी मी कपाटातली खोकी काढली, पायाखाली चपटी केली आणि खालच्या रिसायकलिंगमध्ये टाकून आले. प्रिंटरच्या खोक्याला नवऱ्यानं थोडा विरोध केला. मग घरमालकाला ईमेल लिहिला. एक खोली पिवळी रंगवली तर चालेल का? चार वर्षं हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. दहा मिनिटांत उत्तर आलं. चालेल की, फक्त जाल तेव्हा परत पांढरी करून द्या.

मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "आई, आपण कधी जाणार आहोत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "ब्रश घे आधी."