डाव्या पेटीतला श्वास

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. कंपनीत नाईट शिफ्टवाले असलं काही सांगायला लागले की विचारायचो, "किती घेतली होती?" आता तुम्ही मला तेच विचारलंत तर राग मानणार नाही…

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी यवतला राहायचो, कोरेगाव भीमाला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. घरी स्वतःच्या हातानं स्टिरिओ सेट बांधायचं खूळ डोक्यात शिरलेलं. प्लायवूडच्या दोन मोठ्या पेट्या, घरीच जोडलेला ॲम्प्लिफायर. बायको म्हणायची, "पाव्हणं आल्यावर बसवायचं कुठं, पेटीवर?"

सेट बरोबर वाजतोय का हे बघायला लोक सिनेमाची गाणी लावतात. माझं म्हणणं, जिथं आपण स्वतः हजर होतो तेच रेकॉर्डिंग लावावं – खरा आवाज कसा होता ते ठाऊक असतं. माझ्याकडं तशी एकच कॅसेट होती. राहू गावात बिरोबाच्या देवळापुढं थोरल्या मामांनी म्हटलेल्या धनगरी ओव्या, मी दोन माइक लावून टेप केलेल्या.

मामा ओळ म्हणायचे आणि त्यांचे धाकटे भाऊ सोपानमामा डावीकडं बसून झील धरायचे, म्हणजे ओळीचे शेवटचे शब्द उचलून परत म्हणायचे. पण मी टेप केलं तेव्हा सोपानमामा नुकतेच वारले होते. मामा सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबले, ती जागा भरायला कुणी पुढं आलं नाही. "त्याच्याबिगर माझी ओवी न्हाई," म्हणत ते अर्ध्यातच उठले. गाणं सोडलं, हळूहळू जेवणही टाकलं. आईला घोर लागला की एक भाऊ गेला, आता दुसराही चालला.

त्या रिकाम्या जागा मला पाठ होत्या. लांबची मेंढरं, लिंबाची पानं, बस्स. नवीन स्पीकर बसवले आणि पहिल्याच रिकाम्या जागेत डावीकडून श्वास ऐकू आला. गाण्याआधी माणूस छाती भरून घेतो, तसा… मी वायरी उलट्या जोडल्या, श्वास उजवीकडं गेला; परत सरळ केल्या, डावीकडं आला. म्हणजे खोट पेटीत नव्हती, तो कॅसेटमध्येच होता. पण डाव्या माइकपुढं माणूसच नव्हता हो! अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी दुपारी मामा घरी आले. न राहवून मी कॅसेट लावली. श्वास आला आणि मामा डाव्या पेटीकडं सरकले.

"सोपान हाय."

"तुम्हाला पण ऐकू आलं, मामा?"

"व्हय. झील धरताना यवढा दम घेत न्हाईत. ह्यो ओळ म्हणणाऱ्याचा दम हाय." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "'दादा, येकदा मला ओळ म्हणू दे,' म्हणायचा सोपान. म्या कवाच म्हणू दिलं न्हाई… बंद कर ते."

मी कॅसेट थांबवली, ॲम्प्लिफायरही बंद केला. मामा डाव्या पेटीकडं कान करून बसले. थोड्या वेळानं, समोरच्याची ओळ संपावी तसे, त्यांनी शेवटचे शब्द उचलले. थांबले. परत उचलले. ती ओवी मी आमच्यात कधीच ऐकली नव्हती. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला पेटीतून एक अक्षर ऐकू आलं नाही.

त्यानंतर कॅसेटमधला श्वास गेला तो गेलाच. टेप घासली असेल, माझे कान फसले असतील… मला अजून उलगडा झालेला नाही.

मामा जेवायला लागले, देवळापुढं परत बसायला लागले. पण ओळ आता ते म्हणत नाहीत, नुसती झील धरतात, तीही डावीकडं बसून. ते ओळीसाठी थांबले की ढोलवाले ढोल थांबवून धरतात, आणि ओळ कोण म्हणतंय ते कुणीच विचारत नाही.