मुक्ताचा गेम आणि नागपूरची आजी

शिकवणाऱ्याकडे किस्से जमतात, घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या जमतात तसे. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण ड्रॉवर उघडला की सगळे बाहेर!

दर शनिवारी सकाळी डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या आमच्या चिमुकल्या बॉक्सरूममधून मी मराठी मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवते. आठ-नऊ वर्षांची पोरं स्क्रीनवरचे ठोकळे जोडून गेम बनवतात. मी मराठीत बोलते, ती आयरिश इंग्रजीत उत्तरं देतात. इथल्या भाषेत सांगायचं तर, ग्रँड चाललंय आमचं!

*

पहिला धडा असा, की कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो. त्यासाठी मुलांनी आपापल्या बाबांना रोबो बनवायचं आणि चहा करून घ्यायचा.

सिटीवेस्टच्या आरवने हुकूम सोडला, "पुट द टी इन द वॉटर."

इंजिनीयर बाबांनी चहाचा डबा झाकणासकट पातेल्यात ठेवला. मुलं हसून लोळली.

मागून आरवच्या आईचा आवाज आला, "रोबो कशाला हवा? हा रोजही असाच करतो!"

*

होमवर्क होतं चेंडू उडवण्याचं. आरवच्या गेममध्ये लॉगिन स्क्रीन, तीन थीम आणि चक्क पासवर्ड रीसेट!

मी विचारलं, "आरव, हे कसं केलंस रे?"

आरव अजिबात न गडबडता म्हणाला, "बाबा इज इन अ मीटिंग. कॅन आय गेट बॅक टू यू?"

*

मुक्ता कॉर्क शहराजवळची. तिचे बाबा रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहेत. नागपूरहून तिची आजी काही महिन्यांसाठी आली आणि नातीशेजारी खुर्ची टाकून वर्गात बसू लागली.

एकदा एका मुलाच्या गेममधली मांजर स्क्रीनभर पळत होती. आजींना राहवेना. "अवं, त्या मांजरीले कोणी दूध तं द्या! उपाशीच पळवून राहिले तिले."

पुढच्या शनिवारी प्रत्येकाच्या गेममध्ये दुधाची वाटी! एकाने तर मांजरीला ढेकरही द्यायला लावली.

क्रिएटिव्हिटी शिकवायला मी स्लाइड्स केल्या होत्या, त्या उघडायची वेळच आली नाही. आजींचे उपकार मी कसे फेडणार, देव जाणे.

*

मग व्हिसा संपला आणि आजी परत गेल्या. त्या शनिवारी मुक्ताने कॅमेरा लावला नाही.

तिची आई फोनवर सांगत होती, "दोघींचा एकमेकींवर जीव आहे गं, पण फोनवर बोलणंच होत नाही. ही इंग्रजीत सुरू होते, आईंना कळत नाही. 'जेवली काय? अभ्यास कर. ठेवते मंग,' की संपलं! मग ही फोन हातात धरून बसते. आजी हळूहळू परकीच होईल की काय, असं वाटतं."

त्यानंतर मुक्ताने स्वतःच ठरवलं, आजीला फोनवर खेळता येईल असा गेम करायचा. सूचना आजीला कळायला हव्यात, म्हणून आपल्याच आवाजात रेकॉर्ड केल्या. "आजी, उडी मार!" कॉर्कच्या हेलातली ती मराठी मी पुन्हा पुन्हा लावून ऐकली. ही मुलं आपल्याला मिळाली, याहून जास्त काय मागायचं?

*

सगळ्यांना गेम दाखवायच्या, म्हणजे डेमोच्या दिवशी आजी नागपूरहून चष्मा पुसून स्क्रीनवर हजर. मुक्ताच्या गेममध्ये संत्री पकडायची आणि खड्डे चुकवायचे.

आजी पहिल्याच खड्ड्यात पडल्या. गेम चालूच. दुसऱ्यात पडल्या. चालूच. "बाप्पा! पडू पडू थकली मी!" म्हणत त्या हसत खेळत राहिल्या.

आरवने बाबांच्या थाटात निकाल दिला, "देअर्स अ बग. देअर्स नो गेम ओव्हर."

त्याचं बरोबर होतं. मी हळूच म्हटलं, "मुक्ता, गेम कधी संपवायचा ते सांगायचं राहिलं बघ."

मुक्ताने स्क्रीनवरच्या आजीच्या चौकटीकडे पाहिलं आणि एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "नाही राहिलं, मावशी. गेम संपला की आजी फोन ठेवते."